खोली कोणाची, कुलूप कोणाचे?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा बचत आणि ठेवी यांविषयी चार गोष्टी लिहाव्यात, असे आमच्या मनात होते. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करणार? परंतु गेल्या उन्हाळ्यात आपल्या सभागृहाच्या मागील खोलीवरून जो वाद झाला, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवावा लागला. नावे कोणाचीच घेत नाही. गंगाखेडसारख्या गावात ती सांगावी लागत नाहीत.

खोली जेमतेम दहा फूट बाय बारा फूट. एका ज्येष्ठ सभासदांनी पूर्वी तिच्यावर पदरमोड करून पत्रे टाकले आणि जयंतीच्या मंडपाचे कापड, पातेली, पराती, झारे असे सामान तेथे ठेवायला सुरुवात केली. किल्ली त्यांच्याकडेच असे. संस्थेचे सामान आणि त्यांचे कष्ट, त्यामुळे कोणी काही म्हटले नाही. ते गेले. किल्ली मुलाकडे आली. हळूहळू पातेल्यांच्या शेजारी सोयाबीनची पोती, फवारणीचा पंप, मोडका कूलर येऊन बसला. मग एके दिवशी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींनी अर्ज दिला की, आम्ही व्हरांड्यात बसतो, तेथे ऊन येते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो, मागची खोली अभ्यासिकेसाठी मिळावी. बैठकीत मुलगा म्हणाला, "ती आमची खोली आहे. पत्रे आमच्या वडिलांनी टाकले." दुसरे एक सभासद उठले आणि म्हणाले, "संस्था सर्वांची, म्हणून खोली सर्वांची. कुलूप तोडा." तेवढ्यात कोणीतरी आमच्याकडे बोट दाखवले, "हे बँकेत आहेत, यांना कागदातलं कळतं. सांगा सर, खोली कोणाची?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. कारण दोघांच्याही बोलण्यात अर्धे खरे होते. नंतर वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

आपण मालमत्तेचे दोनच प्रकार धरून चालतो. माझे आणि सर्वांचे. घर माझे, रस्ता सर्वांचा. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार असतो आणि संस्थांमधली निम्मी भांडणे त्यातूनच उद्भवतात. वस्तू सर्वांचीच असते, पण तिचा वापर एखाद्याच व्यक्तीसाठी किंवा काही जणांसाठी राखून ठेवलेला असतो. मालकी सामाईक, वापर मात्र राखीव.

आमच्या बँकेतील लॉकरचे उदाहरण घ्या. तिजोरीची खोली बँकेची, भिंतीतील लोखंडी कप्पाही बँकेचाच. ग्राहक भाडे भरतो आणि त्या कप्प्याचा वापर फक्त तोच करू शकतो. दुसरा कोणीही ग्राहक, अगदी शाखाधिकारीसुद्धा, त्यात हात घालू शकत नाही. पण म्हणून कप्पा त्याच्या मालकीचा होत नाही. तो कप्पा विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलीच्या लग्नात आंदण देता येत नाही. कप्पा उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. आपल्या मागील खोलीला किल्ली एकच होती, तीही एकाच घरात.

संस्थेच्या मालमत्तेबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असते ते बहुधा एकत्र कुटुंबाच्या वाड्याचे. अंगण, आड, लिंबाचे झाड सर्वांचे, आणि प्रत्येक भावाला एकेक खोली. पण वाड्यात आणि संस्थेत एक मोठा फरक आहे. एकत्र कुटुंबातील हिस्सेदाराला उद्या वाटणी मागता येते. संस्थेच्या सभासदाला ती कधीच मागता येत नाही. आपल्यासारख्या संस्था साधारणतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात आणि शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली त्यांची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. पहिल्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मालमत्ता विश्वस्तांकडे, आणि विश्वस्त नसतील तर नियामक मंडळाकडे, निहित असते. कलम १४ तर याहून स्पष्ट आहे. संस्था विसर्जित झाली, देणी भागवून काही शिल्लक उरले, तरी ते सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेला द्यावे लागते. म्हणजे "संस्था सर्वांची" याचा अर्थ प्रत्येकाचा त्यात शंभरावा किंवा दोनशेवा वाटा आहे, असा होत नाही. कुलूप तोडा म्हणणारे आमचे मित्र तेथे चुकत होते. खोली "सर्वांची" नव्हती, ती संस्थेची होती. तिचे काय करायचे हे संस्थेच्या ठरावाने ठरते, जमलेल्या माणसांच्या हातातील हातोडीने नाही.

हे सर्व इंग्रजी अमदानीत आले असा काहींचा समज असतो. आम्हालाही तसेच वाटत होते. पण विनयपिटकातील चुल्लवग्ग वाचताना त्यातील सेनासनक्खंधक, म्हणजे निवासस्थाने व अंथरुणे-आसने यांविषयीचे प्रकरण, समोर आले आणि आम्ही थक्क झालो. आपल्या बैठकीत झाला तोच वाद तेथे अडीच हजार वर्षांपूर्वी चाललेला आहे.

काशी जनपदात कीटागिरी नावाचे ठिकाण होते. तेथे अस्सजि व पुनब्बसु यांच्या गटाचे भिक्खू राहत. (हे अस्सजि पंचवर्गीय भिक्खूंपैकी नव्हेत, वेगळे.) भगवान बुद्ध मोठ्या भिक्खुसंघासह तिकडे येत आहेत, बरोबर सारिपुत्त व मोग्गल्लान आहेत, अशी बातमी आली. या गटाचे आणि त्या दोघांचे जमत नव्हते. तेव्हा गटाने युक्ती काढली. संघाच्या मालकीची सगळी निवासस्थाने आपसांत वाटून घेतली, म्हणजे पाहुण्यांना द्यायला संघाचे काही उरलेच नाही! पाहुणे आले तेव्हा सांगितले की, भगवंतांनी हवे तेथे राहावे, पण त्या दोघांना जागा नाही. तथागतांनी यावर जो नियम केला तो आजच्या कोणत्याही संस्थेच्या घटनेत शोभावा. आराम म्हणजे उद्यान व त्याची जागा. विहार व त्याची जागा. मंच, पीठ, गादी, उशी. धातूची भांडी व कुऱ्हाड-कुदळीसारखी हत्यारे. आणि वेली, बांबू, गवत, माती, लाकडी व मातीच्या वस्तू, अशा पाच वर्गांतील संघाच्या वस्तू वाटायच्या नाहीत. संघानेही नाहीत, गटानेही नाहीत, व्यक्तीनेही नाहीत. आणि कोणी वाटल्याच, तरी त्या वाटल्या गेल्या असे मानायचे नाही. वाटणाऱ्याला थुल्लच्चय, म्हणजे गंभीर स्वरूपाचा दोष लागतो. बहुमताने ठराव केला तरी वाटणी अवैध, हा मुद्दा विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा.

मग भिक्खूंनी राहायचे कसे? त्याची सोय त्याच प्रकरणात आहे. निवासस्थान नेमून देणारा एक भिक्खू संघ निवडतो. त्याची पात्रताही सांगितली आहे. आवडीनिवडी, द्वेष, मोह किंवा भीती यांच्या आहारी न जाणारा आणि कोणती जागा दिली आहे व कोणती दिलेली नाही हे ज्याला पक्के माहीत आहे, असा तो असावा. ही शेवटची अट वाचताना आम्हाला आमच्या शाखेतील लॉकर रजिस्टर आठवले. नेमून दिलेली जागा पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरती स्वतःसाठी राखता येते, पुढील काळात अडवून ठेवता येत नाही. एका भिक्खूने दोन जागा अडवायच्या नाहीत. उपनंद नावाच्या भिक्खूने एक श्रावस्तीत आणि एक दुसऱ्या गावी अशा दोन अडवल्या होत्या, त्यावरून हा नियम झाला. आजाऱ्याला सोयीची जागा द्यावी असे ठरले, तर काही जण आजारी असल्याचे सांगून उत्तम जागा धरून बसले, म्हणून पुन्हा नियम करावा लागला. माणसाचा स्वभाव तेव्हाही असाच होता! दब्ब मल्लपुत्त हे असे जागा नेमून देणारे प्रसिद्ध स्थविर. सुत्ते पाठ करणाऱ्यांना ते एकत्र जागा देत, म्हणजे त्यांना एकमेकांसोबत पठण करता यावे. विनयाचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र. कोणाचा अभ्यास काय आहे हे पाहून खोली देण्याची ही पद्धत आमच्या अर्जदार मुलींना फार आवडली.

थोडक्यात, चीवर, पात्र, सुई, वस्तरा हे भिक्खूचे स्वतःचे, विहार संघाचा, आणि विहारातील कोठडी संघाचीच पण ठरावीक काळ एकाची. तिन्ही प्रकार स्वच्छ वेगळे केलेले आहेत. शिवाय तो संघ म्हणजे त्या दिवशी हजर असलेले भिक्खू नव्हेत. दान देताना शब्द वापरत ते चारही दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या संघाला. जो अजून आलेलाच नाही त्याचाही हक्क मानायचा, हे मालकीचे गणित आपल्या रोजच्या व्यवहारात बसत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो.

महाराष्ट्रातील लेण्यांत याचा दगडावर कोरलेला पुरावा आहे, आणि बँकेच्या माणसाला तर तो पाठच असायला हवा. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे चारही दिशांच्या संघाला दिले, आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडण्याची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा एक या व्याजाने, आणि १००० दुसरीकडे दर शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज मात्र उपभोगायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. आता हिशेब करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. पैचाही फरक नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९०, तेही एका ठरावीक खर्चाला लावलेले. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे नोंदवून ठेवला, असेही लेखात म्हटले आहे. ठेव सामाईक, चीवराचे बारा कार्षापण ज्याचे त्याचे, आणि नोंद गावच्या सभेत. आम्ही वीस वर्षे ठेवींच्या पावत्या लिहीत आहोत, पण इतकी नीटस पावती क्वचित पाहिली.

येथवर आपण सामाईक गोष्ट कोणीतरी खाजगी करून टाकतो तेव्हा काय होते ते पाहिले. याची दुसरी आणि आपल्या जिव्हाळ्याची बाजू महाडची आहे. चवदार तळ्याचा लढा आपण समतेचा लढा म्हणून स्मरतो, आणि तो होताच. पण न्यायालयात तो कोणत्या प्रश्नावर लढला गेला हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रश्न हाच होता की, तळे सामाईक आहे की काही जणांच्या राखीव वापराचे?

मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे व जागा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादींमध्ये डॉ. आंबेडकर. दाव्यात दोन गोष्टी होत्या. एक, तळे खाजगी स्वरूपाचे आहे. आणि दोन, तसे नसले तरी अनादी काळापासूनच्या रूढीने त्याचा वापर स्पृश्यांसाठी राखीव आहे. म्हणजे मालकी मिळाली नाही तर राखीव वापर तरी द्या! कनिष्ठ न्यायालयात १९३१ मध्ये, वरच्या न्यायालयात १९३३ मध्ये आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी दावा फेटाळला गेला. तळे खाजगी नाही, नगरपालिकेचे आहे. आणि राखीव वापराची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून बाबासाहेबांनी हे मिळवले. निर्णयाचे कारण निव्वळ कायद्याचे आणि अगदी कोरडे आहे. पण त्यातून आमच्यासारख्या सामान्य माणसाने घ्यायचे ते हे की, पुष्कळ दिवस कोणी हटकले नाही एवढ्यावरून सामाईक वस्तू राखीव होत नाही. ज्यांच्या आजोबांना तळ्यावर हटकले गेले, त्यांनीच आपल्या सभागृहातील खोलीबद्दल "आजवर कोणी विचारलं नाही" हा दाखला द्यावा, हे आम्हाला टोचले, म्हणून लिहिले.

कोणी म्हणेल, मराठवाड्यात आपल्याच लोकांनी गायरानाच्या सामाईक जमिनी कसल्या, त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. गायरान सरकारचे, वापर गावाच्या गुरांचा. भूमिहीनांनी ते पोटासाठी कसले आणि त्यासाठी सत्याग्रह केले. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा असे कडक शब्दांत सांगितले, तरी शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद केला. फरक असा की, तेथे हक्क मागितला गेला तो उघडपणे, नोंदीसाठी अर्ज करून, आणि जिला स्वतःची गुंठाभर जमीन नाही त्या माणसासाठी. प्रत्येक प्रकरण इतके स्वच्छ असते असे आमचे म्हणणे नाही.

आता शहराकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात नोकरीला आहेत आणि सदनिका घेत आहेत. गंगाखेडातही मजले चढू लागले आहेत. तेथे हाच प्रश्न गाडी कोठे लावायची आणि गच्ची कोणाची, या रूपाने उभा राहतो. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर इमारत संस्थेची, सभासदाला भाग आणि आपल्या सदनिकेत राहण्याचा हक्क. अपार्टमेंट पद्धत असेल तर १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू होतो. त्यात सदनिका मालकाची, आणि जिना, जमीन, पाया, गच्ची अशा सामाईक क्षेत्रांत त्याचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा सदनिकेपासून वेगळा विकता येत नाही आणि त्याची वाटणी मागता येत नाही. याच कायद्यात "मर्यादित सामाईक क्षेत्रे" हा शब्द आहे, म्हणजे जी सामाईकच आहेत परंतु घोषणापत्रात काही सदनिकांसाठी राखून ठेवलेली आहेत. आपला तिसरा प्रकार तो हाच. घोषणापत्रात लिहिले असेल तर राखीव, नसेल तर सर्वांचे. म्हणून मुलांना सांगा, करारनाम्यासोबत घोषणापत्रही वाचा. ते कोणी वाचत नाही.

वाहनतळाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २०१० चा निकाल प्रत्येक सदनिकाधारकाला माहीत असावा. मुंबईत दहिसर येथील पांचाली गृहनिर्माण संस्था आणि बिल्डर नहालचंद लालूचंद यांच्यातील तो वाद. इमारतीखाली खांबांमधील मोकळी जागा, ज्याला स्टिल्ट म्हणतात, ती गाडीसाठी वेगळी विकण्याचा हक्क बिल्डरला नाही, ती सामाईक क्षेत्रात मोडते, असे न्यायालयाने ठरवले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातही उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत जागा नेमून मिळालेला सभासद त्या जागेचा मालक होत नाही, आणि गाड्या जास्त व जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा द्यायच्या, अशी तरतूद आहे. वर्षावासातील तीन महिने आणि चिठ्ठीचे एक वर्ष, तत्त्व एकच.

आता पुन्हा मागच्या खोलीकडे. पहिले काम, कागद पाहणे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जागा कोणाच्या नावे आहे, आणि धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकमध्ये संस्थेची मालमत्ता म्हणून तिची नोंद आहे का? घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजू नये. बँकेत कर्ज मागायला आलेले लोक हीच पावती सर्वात आधी पुढे करतात. अनेक गावांतील समाजमंदिरे शासकीय निधीतून नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर बांधलेली असतात, तेथे संस्थेला स्वतःलाच फक्त वापराचा हक्क असतो. मग ती दुसऱ्याला काय देणार? आणि जागा संस्थेच्या मालकीची असली, तरी विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस, किंवा इमारतीचा व बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही. शेतजमिनीसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे.

दुसरा प्रश्न पत्र्यांचा, आणि तो किरकोळ नाही. मुलाचे म्हणणे आम्ही सुरुवातीला भावनेचे समजलो होतो. परंतु १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात परवान्याविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा वापर करण्याच्या परवानगीविषयी, तरतुदी आहेत. अशी परवानगी सर्वसाधारणपणे व्यक्तिगत असते, ती वारसाकडे किंवा दुसऱ्याकडे आपोआप जात नाही, आणि देणाऱ्याला ती मागे घेता येते. मात्र कलम ६० मध्ये एक अपवाद आहे. परवानगीवर विसंबून एखाद्याने स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर परवानगी मागे घेता येत नाही. आता लाकडी वाशांवर ठेवलेले पत्रे कायम स्वरूपाचे की नाही, यावर वकील भांडू शकतात. ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर सभासदाने संस्थेच्या जागेत खर्च करण्यापूर्वीच लेखी ठरवावे की ही देणगी आहे, उसनवारी आहे, की त्या बदल्यात वापर मिळणार आहे. त्या वेळी आपण कोणीच हे केले नाही. पत्रे फुकट मिळाले म्हणून टाळ्या वाजवल्या.

तिसरी गोष्ट बारा वर्षांची. बारा वर्षे ताबा असला की जागा आपली होते, असे गावोगाव बोलले जाते. १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे खरे. पण तो ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे केलेला असावा लागतो. परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षांचा झाला तरी विरुद्ध ताबा होत नाही. म्हणून लेखी परवानगी दिली तर समोरच्याचा हक्क तयार होईल, ही भीती उलटी आहे. लेखी परवानगी असेल तरच संस्था सुरक्षित राहते, आणि वापरणाऱ्यालाही आपला वापर कधीपर्यंत आहे हे कळते. आम्ही हे कार्यकारिणीत सांगितले तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, "आपल्या आपल्यात कशाला कागद? माणसाचा शब्द आहे ना." त्यांचा शब्द सोन्यासारखा आहे, आम्हाला माहीत आहे. पण खोलीचे कुलूप लावणारे काकाही शब्दाचेच होते. ते गेले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. राहिले ते कुलूप.

मे महिन्याच्या अखेरीस काही ज्येष्ठांसमवेत आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. चहा झाला. त्याची खरी बोच वेगळीच निघाली. वडिलांचे नाव कोठेच नाही, ना फलकावर, ना इतिवृत्तात, असे तो म्हणाला. जुने इतिवृत्त काढून पाहिले तर खरेच नव्हते. कार्यकारिणीने ठराव केला. त्यात पत्र्यांचा खर्च त्या ज्येष्ठांची देणगी म्हणून नोंदला, मुलाने तशी संमती लिहून दिली, आणि मंडपाचे सामान व्हरांड्यातील मोठ्या पेटीत हलवून तिच्या दोन किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवल्या. सोयाबीन घरी गेले. खोली अभ्यासिकेसाठी एका वर्षाच्या मुदतीने दिली आहे, जूनमध्ये पुन्हा ठराव व्हायचा आहे. एका वर्षाने का, कायमची का नाही, असे मुलींनी विचारले. पुढच्या वर्षी आणखी कोणी अर्ज केला तर, असे आम्ही म्हणालो. त्यांना ते फारसे पटले नाही, आणि एका दृष्टीने त्यांचेही बरोबर आहे.

राखीव वापराची एक वही आता कार्यालयात ठेवली आहे. कोणती जागा, कोणाला, कशासाठी, कोणत्या ठरावाने, कधीपर्यंत, आणि किल्ल्या कोणाकडे, असे रकाने आहेत. पहिली नोंद खोलीची व्हायची होती, पण ती दुसरी झाली. कारण वही आखता आखता आम्हाला आमच्या कपाटाची आठवण झाली. सभागृहाच्या कोपऱ्यात वाचनालयाचे लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली आठ वर्षे आमच्या घरी खुंटीला होती, आणि खालच्या कप्प्यात आमच्या विमा हप्त्यांच्या पावत्या व मुलाची जुनी पुस्तके होती. कोणी कधी विचारले नव्हते.

पहिली नोंद अशी आहे: लोखंडी कपाट एक, संस्थेचे, वापर वाचनालयासाठी, खाजगी सामान काढले, किल्ल्या दोन, एक कार्यालयात, दुसरी ग्रंथपालाकडे. सही आमची आहे.